काकांच्या डब्यातला आठव्या एडवर्डचा रुपया

सांजवात

नमस्कार. इथे जुन्या नाण्यांचे बरेच जाणकार आहेत म्हणून विचारते आहे. मोबाईलवर फोटो नीट येत नाहीत, तेव्हा शब्दांत सांगते.

माझे धाकटे काका पौषात गेले. पोस्टात नोकरी झाली, मिरजेत स्वतःचं छोटं कौलारू घर. नाण्यांचा नाद होता हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण नेमकं काय जमवलंय ते कुणी कधी बसून पाहिलं नाही. परवा काकूंनी मला समोर बसवून डबा उघडला. आत नऊ राणीछाप-राजाछाप रुपये, थोडे आणे-पैसे, एका पुरचुंडीत उर्दू अक्षरांची तीन काळपट नाणी, आणि वेगळ्या मखमली डबीत हा एक रुपया.

एका बाजूला डावीकडे बघणारा, उघड्या डोक्याचा राजा. भोवती इंग्रजीत 'एडवर्ड आठवा, किंग एम्परर'. मागे वेलबुट्टी आणि मध्ये 'वन रुपी इंडिया १९३७'. चांदी लख्ख आहे, कडेला दाते आहेत. गल्लीतल्या सराफाकडे वजन केलं, बरोबर १० ग्रॅम भरलं.

काकूंच्या भाच्यानं सांगितलंय की आठव्या एडवर्डचं नाणं परदेशात कोटींना गेलं. तेव्हापासून त्या डबीवर त्यांचा फार जीव अडकला आहे. कौलं काढून स्लॅब टाकायचा आहे, गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबणीवर पडलंय. त्यांना खोटी आशा लावायची नाही, आणि खरंच काही असेल तर ते अजाणता घालवायचंही नाही. काय करावं?

पांथस्थ७

ताई, घाई करून कुणाला देऊ नका. अशा एका रुपयाला पंधरा लाख देणारे लोक आहेत, मी चित्रफीत बघितली आहे. फोन नंबरही दिला होता त्यात. आधी थोडी नोंदणी फी भरावी लागते, मग त्यांचा माणूस घरी येतो.

दप्तरखाना

पांथस्थ, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपा करून त्या नंबरावर कुणी फोन करू नका. नोंदणी फी, मग कमिशन, मग कर, असं उकळत नेतात आणि नाणं घ्यायला कुणीही येत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला स्वतः पत्रक काढावं लागलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, आणि आमच्या नावानं फी घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

आता सांजवात यांच्या रुपयाबद्दल. हा खुलासा थोडा सविस्तर करतो, कारण 'खोटं नाणं' एवढं म्हणून सोडून दिलं तर काकांवर अन्याय होईल.

पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ ला वारला आणि थोरला मुलगा आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. वॉलिस सिम्पसनशी लग्न करता यावं म्हणून त्यानं ११ डिसेंबर १९३६ ला गादी सोडली. वर्षसुद्धा पुरं झालं नाही. लंडनच्या टांकसाळीत त्याच्या नाण्यांची तयारी मात्र जोरात चालली होती. थॉमस हंफ्री पॅजेटनं मुखवटा कोरला होता, १९३७ साल घालून नमुन्याची नाणी पाडूनही झाली होती. त्या मुखवट्यातही एक गोष्ट आहे. इंग्रजी नाण्यांवर प्रत्येक नव्या राजाचं तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला ठेवायची जुनी रीत. पाचवा जॉर्ज डावीकडे बघतो, म्हणजे एडवर्डनं उजवीकडे बघायला हवं होतं. पण भांगाची बाजू दिसावी म्हणून त्यानं डावीकडेच बघण्याचा हट्ट धरला. तुमच्या रुपयावर राजा डावीकडे बघतोय ना? पाडणाऱ्याला ही गोष्ट माहीत होती. काम अभ्यास करून केलेलं आहे.

राजाच गेल्यामुळे ती नमुन्याची नाणी चलनात आलीच नाहीत. त्यांपैकी एक १९३७ चा सोन्याचा सॉव्हरिन जानेवारी २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकला गेला. भाच्यानं ऐकलेली बातमी बहुधा तीच.

ब्रिटिश हिंदुस्थान सरकारनं मात्र आठव्या एडवर्डचा चेहरा असलेलं एकही नाणं काढलं नाही. १९३६ साल असलेली नाणी आहेत, ती पाचव्या जॉर्जची. त्यानंतरचा रुपया १९३८ चा, सहाव्या जॉर्जचा. तुमच्या हातातला रुपया कुठल्याही सरकारी टांकसाळीतून निघालेला नाही. पण ज्याची नक्कल करायची ते मूळच अस्तित्वात नसल्यामुळे याला नक्कल तरी कशी म्हणणार? संग्राहक अशा नाण्याला फँटसी म्हणतात. जे झालं नाही ते झालं असतं तर कसं दिसलं असतं, ते कुणीतरी खासगीत चांदीवर उठवून बघितलेलं असतं. एडवर्डचं राज्य असं अर्धवट राहिलं म्हणून या बाबतीत तोच सगळ्यांचा आवडता. १९८० च्या दशकात लंडनच्या एका व्यापाऱ्यानं साम्राज्यातल्या निरनिराळ्या मुलखांच्या नावानं त्याचे 'क्राउन', म्हणजे मोठी इंग्रजी नाणी, पाडून घेतले होते. परदेशी कॅटलॉगात अशा नाण्यांच्या क्रमांकाआधी एक्स हे अक्षर लावतात, म्हणजे चलनी नाण्यांत त्यांची गल्लत होत नाही.

टंच_कसोटी

आमचं घराणं सराफीतलं, कोल्हापूरचं. दप्तरखाना यांनी इतिहास सांगितला, मी वजनाचं सांगतो. मला तर १० ग्रॅम वाचल्याबरोबर उत्तर मिळालं.

१८३५ पासून कंपनीचा आणि पुढे राणीचा, राजाचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आपला जुना तोळा तोच. आजोबांच्या दुकानात पारड्यात वजन म्हणून बंदा रुपयाच टाकायचे, एवढा त्या वजनावर भरवसा. चांदी शंभरात ९१.६७, बाकी तांबं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. वापरून झिजलेला रुपया ११.४ भरेल, फार झिजला तर ११.२. पण बरोबर १०.०० ग्रॅम? दहा ग्रॅमचा तोळा हा मेट्रिक पद्धत आल्यानंतरचा हिशेब. धनत्रयोदशीला लक्ष्मीपूजनासाठी जी नाणी आम्ही विकतो ती ५, १०, २० ग्रॅमचीच असतात. १९३७ साली दहा ग्रॅमचा रुपया पाडायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

चांदी आहे का, हे घरी बघता येतं. बारीक काटा हवा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. काचेच्या वाटीत पाणी घालून वाटी काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं टांगतं धरा. तळाला टेकू द्यायचं नाही, बाजूला लागू द्यायचं नाही, बुडबुडा चिकटला असेल तर हलवून काढायचा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. चांदी असेल तर उत्तर दहाच्या वर, साधारण साडेदहापर्यंत येतं. जर्मन सिल्व्हर असेल तर पावणेनऊच्या आसपास. जर्मन सिल्व्हरमध्ये नावालाही चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. बाजारातले निम्मे 'चांदीचे रुपये' त्याचे निघतात.

आणि एक विनंती. ब्रासो, टूथपेस्ट, चिंच, काहीही लावू नका. त्या नऊ रुपयांनासुद्धा नाही.

सांजवात

सगळ्यांचे आभार. शेजारच्या मुलाच्या प्रयोगशाळेतला काटा मिळाला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा ०.९६ आलं. १० भागिले ०.९६ म्हणजे १०.४. चांदी आहे!

मग सराफाकडे मशिनवर टंच काढला. ९९ च्या वर. काकू म्हणाल्या, बघ, इतकी शुद्ध चांदी, खोटं कसं असेल?

टंच_कसोटी

ताई, काकूंना हळूच सांगा, ते इतकं शुद्ध आहे म्हणूनच सरकारी नाही. चलनातल्या नाण्यात तांबं मुद्दाम घालत, नाहीतर मऊ चांदी हातोहाती फिरून लवकर झिजते. ९९ च्या वरचा टंच म्हणजे कपाटात ठेवायला केलेली वस्तू. चांदीचे पैसे मात्र त्या दिवसाच्या भावानं नक्की मिळतील, त्यात फसवणूक नाही.

शिवराई_१२

मला या विषयावर फार दिवसांपासून बोलायचं होतं, धागाकर्तीची क्षमा मागून इथेच लिहितो.

एडवर्डच्या नाण्यानं फार तर कुणाचे पैसे जातील. पण गेली काही वर्षं किल्ल्यांच्या पायथ्याला आणि समाजमाध्यमांवर 'शिवकालीन चांदीचं नाणं' म्हणून जे विकलं जातं त्यानं इतिहास नासतो. एका बाजूला महाराजांचा चेहरा, जिरेटोप, दुसऱ्या बाजूला '१६७४'. गेल्या वर्षी आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलानं असं नाणं आणलं. वडिलांनी आठ हजारांना घेतलं होतं, राज्याभिषेकाच्या वेळचं म्हणून. त्या मुलाच्या समोर मला खरं सांगावं लागलं, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बस. चेहरा नाही. सनही नाही, आणि इसवी सन तर नाहीच नाही, महाराजांनी स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला होता. आजूबाजूला सगळीकडे फारसी नाणी चालू असताना त्यांनी नागरी अक्षरं उठवली, हेच त्या नाण्याचं मोठेपण. ती तांब्याची शिवराई आजही थोडक्या पैशांत मिळते. कित्येकदा अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. मी मुलांच्या तळहातावर ती ठेवतो आणि बोटानं 'शिव' वाचायला लावतो. चकचकीत चेहऱ्याच्या चांदीच्या नाण्यानं त्यांच्या डोळ्यांसमोरून ही साधी अक्षरं पुसली जातात. अशी नाणी पाडायलाच बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रामटंका

शिवराई, तुमच्या संतापाचा आदर आहे, पण सरसकट बंदीला माझा विरोध आहे. मी अशाच नाण्यांचा संग्राहक आहे, तेही वीस वर्षांपासून.

माझ्याकडे रामटंके आहेत, चांदीचे. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, शेजारी लक्ष्मण, चवऱ्या ढाळणारे सेवक, पायाशी मारुती. ही कधीच चलनी नाणी नव्हती. तीर्थक्षेत्री मिळायची, देवघरात ठेवायची. कुणा राजाचा हुकूम नाही, खासगी कारागिरांनीच पाडली. म्हणजे सरकारबाहेर नाणं पाडायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ती श्रद्धेची आहे. (राम-सीतेचं नाणं सरकारीही आहे बरं का. अकबरानं कारकिर्दीच्या शेवटाला सोन्याचांदीत काढलं होतं, धनुष्य घेतलेला राम आणि मागे चालणारी सीता.)

बिघडतं कुठे, तर खासगी वस्तूवर सरकारचं नाव आणि खोटं साल घालतात तिथे. रामदरबार आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८', हे नाणं महाराष्ट्रात घरोघरी आहे. पितळेचं, तांब्याचं, चांदीचा मुलामा दिलेलंही. १६१६ सालचंसुद्धा बघितलंय मी. १८१८ साली पेशवाई बुडाली, म्हणून लोकांना ते साल ओळखीचं वाटतं आणि विश्वास बसतो. पण कंपनी त्या काळात मुंबईत जो रुपया पाडत होती त्यावर बादशहा शाह आलमचं नाव होतं, फारसीत. पुण्याला पेशव्यांचा अंकुशी रुपया होता, तो कंपनीनं राज्य घेतल्यावरही पुढे काही वर्षं तसाच पाडला. लोकांचा विश्वास ओळखीच्या छापावर असतो हे कंपनीला पक्कं कळत होतं. रुपयावर रामदरबार उठवायचं तिला काही कारणच नव्हतं.

या कंपनीछाप नाण्यांवरूनच 'तांदूळ ओढणाऱ्या नाण्या'ची फसवणूक चालते. नाण्याजवळ तांदळाचे दाणे सरकतात, त्यात दैवी शक्ती आहे, परदेशी शास्त्रज्ञ कोटी देतात, असं सांगून लोकांना बुडवतात. आमच्या नात्यातल्या एकानं त्यापायी दीड एकर विकलं. तरीही मी म्हणेन, दोष धातूचा नाही. कुणी कशाच्या नावाखाली विकलं ते बघा.

डेन्व्हरकर

कोलोरॅडोत राहतो म्हणून इथलं एक उदाहरण देतो, कारण नेमका हाच वाद अमेरिकेत वर्षानुवर्षं चालू आहे.

१९६५ च्या मे महिन्यात डेन्व्हरच्या सरकारी टांकसाळीनं १९६४ सालाचे ३,१६,०७६ 'पीस' म्हणजे शांतता डॉलर पाडले, चांदीचे. ते बाहेर जायच्या आतच निर्णय फिरला आणि सगळे वितळवायचा हुकूम निघाला. आज त्यातला एकही उघडपणे कुणाकडे नाही. डॅनियल कार नावाच्या कारागिरानं काय केलं, डेन्व्हर टांकसाळीनं मोडीत काढलेलं छापयंत्र घेतलं आणि खऱ्या, जुन्या पीस डॉलरवरच १९६४ चा ठसा मारला. म्हणजे चांदी सरकारी, वजन सरकारी, फक्त साल नवीन. हा माणूस साधा नाही. २००१ मध्ये निघालेल्या न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड राज्यांच्या सरकारी पाव डॉलरांचं डिझाइन त्याचंच आहे. त्याच्या या फँटसी नाण्यांना संग्राहक चांदीच्या कितीतरी पट पैसे देतात, आणि काय घेतोय ते जाणून देतात.

इथे १९७३ चा कायदा आहे. नकली संग्राह्य नाण्यावर 'कॉपी' हा शब्द उठवलाच पाहिजे. कारच्या नाण्यांवर तो नसतो. त्याच्या बाजूचे म्हणतात, मूळ खऱ्या नाण्यावरच ठसा मारलाय आणि या सालाचं नाणं अस्तित्वातच नाही, मग कॉपी कशाची? विरोधक म्हणतात, आज घेणाऱ्याला माहीत आहे, पण तो गेल्यावर ड्रॉवर उघडणाऱ्या मुलाला कुठून माहीत असणार?

सांजवात, तुमचा धागा वाचताना मला हा दुसरा प्रश्न सारखा आठवत होता. मी स्वतः कारची दोन नाणी घेतली आहेत. कालच दोन्हींच्या पाकिटांवर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं.

शिवराई_१२

रामटंका, बंदीचा शब्द मागे घेतो. पण नाण्यावरच, पुसता येणार नाही असं, पाडणाऱ्याचं नाव आणि पाडल्याचं खरं साल हवं. पाकिटं हरवतात. कागद कुजतात. त्या सातवीतल्या मुलाकडे पाकीट नव्हतं.

रामटंका

यावर आपलं एकमत. माझ्या संग्रहातल्या ज्या नाण्यांवर कारागिराची खूण आहे, ती मला जास्त प्रिय आहेत.

मुलुंडचा_कच्छी

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. आम्ही मूळचे भुजचे, तीन पिढ्या मुंबईत.

आठव्या एडवर्डचा चेहरा हिंदुस्थानातल्या नाण्यावर नाही हे खरं, पण त्याचं नाव आहे! कच्छ संस्थानची स्वतःची टांकसाळ होती, चलन कोरी. महाराव खेंगारजींनी १९३६ मध्ये एडवर्डच्या नावानं चांदीच्या कोऱ्या काढल्या, गादी सुटायच्या आत. एका बाजूला फारसीत 'एडवर्ड हश्तम', म्हणजे आठवा, आणि फारसी आकड्यांत १९३६. दुसऱ्या बाजूला नागरीत खेंगारजींचं नाव, त्रिशूळ, चंद्रकोर, कट्यार. जोधपूरनंही त्याच्या नावानं तांब्याचा पाव आणा काढला होता. ही खरी नाणी, बाजारात वापरलेली.

सांजवातताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही उर्दू अक्षरांच्या तीन नाण्यांची पुरचुंडी म्हणालात. एकदा उलटून बघाल का? त्रिशूळ दिसतो का? पाच कोरी असेल तर वजन १३.९ ग्रॅमच्या आसपास भरेल.

सांजवात

आत्ताच बघितलं. हात थरथरतोय टाइप करताना.

तीनपैकी दोन लहान आहेत, त्यांच्यावर त्रिशूळ नाही. तिसरं मोठं. काळं पडलंय, पण भिंगातून त्रिशूळ दिसला, त्याच्या बाजूला कोर आणि कट्यार. नागरीत 'खेंगारजी' वाचता आलं. वजन १३.८४.

मग काकांची पोस्टाची जुनी डायरी परत काढली. मी आधी फक्त 'एडवर्ड' शोधत होते आणि काकांनी सगळीकडे 'आठवा' एवढंच लिहिलंय. दोन नोंदी सापडल्या. एक १९८९ ची: 'आठवा, भुजचा. शेवटी मिळाला. ११० रु.' दुसरी १९९४ ची: 'आठवा, हौसेचा, कुणी खासगीत पाडलेला. चेहरा पाहायला मिळावा म्हणून घेतला. चांदी चोख.'

त्यांना सगळं माहीत होतं. पाच वर्षं त्यांच्याकडे राजाचं नाव होतं, चेहरा नव्हता.

काकूंना दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ही मखमली डबी माझ्या कुड्यांची होती, त्यांनी मागून घेतली होती.

मुलुंडचा_कच्छी

ताई, भुजची कोरी फार दुर्मिळ नाही, तिच्यावर स्लॅब पडणार नाही, हे आधीच सांगतो. पण ती खरी आहे. तुम्हाला हवं तर फारसी अक्षरं एकेक करून वाचायला मी मदत करेन.

टंच_कसोटी

पैशांचं बघायचं असेल तर त्या नऊ रुपयांची सालं लिहून पाठवा. त्यात १९११ सालचा पाचव्या जॉर्जचा असेल तर तो बाजूला काढा. त्याच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड दिसायची, लोकांना तो डुक्कर वाटला, म्हणून सरकारनं ते रुपये परत घेतले होते. १९३९ चा असेल तर तोही बाजूला. बाकीचे चांदीच्या भावाच्या खाली कुणालाही देऊ नका. आणि मोड म्हणून तर अजिबात नाही.

सांजवात

रात्री सालं लिहून पाठवते. काकू चष्मा लावून बसल्या आहेत, त्यांना स्वतः वाचायची आहेत.

दोन्ही एडवर्ड एकाच डबीत ठेवले आहेत, मध्ये बटर पेपर घालून. वरची चिठ्ठी काकूंनी त्यांच्या अक्षरात लिहिली: 'डावीकडचा कच्छ संस्थानचा, १९३६, चलनी. उजवीकडचा हौसेचा, खासगी, १९९४ साली घेतला, वजन १० ग्रॅम, फक्त चांदीचे पैसे येतील.' शिवराई म्हणाले तसा कागद कुजेल म्हणून डबीच्या आतल्या झाकणावरही सुईनं कोरायला सांगितलंय.